चारही दिवे हिरवे

आपल्या मंडळात कोणाच्या घरची डिस्क गेली की फोन मला येतो. पोटापाण्यासाठी मी स्टोरेजचंच काम करते, त्यामुळे ते साहजिक आहे; गणपतीच्या जेवणाच्या रांगेत डॉक्टर मंडळींना गुडघे दाखवले जातात, तसं. फोनवरचा आवाज घाबरलेला असतो आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "अगं, पण आमच्याकडे रेड आहे ना, मग काळजी नाही ना?" मला या वाक्याशी भांडायचं आहे. आणि त्याहून जास्त या गोष्टीशी, की हे वाक्य त्या घरात फक्त एकाच माणसाला बोलता येतं.

ज्यांच्या घरी हा प्रकार नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टोस्टरएवढी काळी पेटी, पुढे दोन किंवा चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक हार्ड डिस्क आणि राउटरला गेलेली एक वायर. कोणी याला नॅस म्हणतं, कोणी होम सर्व्हर. एक वहिनी 'ह्यांचं घुंईघुंई' म्हणतात. घरातले फोन आणि लॅपटॉप आपापले फोटो त्यात टाकतात, टीव्ही त्यातून सिनेमे उचलतो. एडिसनपासून प्रिन्सटनपर्यंत अशा ज्या पेट्या मी उघडल्या, त्या जवळजवळ प्रत्येकीत तेच सापडलं : मुलांचे वाढदिवस, मुंज, मंडळाच्या नाटकांची रेकॉर्डिंग, भारतवारीचे फोटो, आणि 'मिसलेनियस' अशा काहीतरी नावाच्या फोल्डरमध्ये आजी-आजोबांच्या जुन्या कॅसेटींवरून उतरवलेला आवाज. त्या कॅसेटी आता नाहीत. पुण्यातली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळ्यावरचं सगळं निघालं, किंवा त्याच्या आधीच पावसाळी दमटपणाने फितीवर बुरशी चढली. म्हणजे त्या आवाजाची जगातली एकमेव प्रत आपल्या बेसमेंटमध्ये, वॉटर हीटरच्या शेजारी आहे.

आता रेड. हा रंग नव्हे, इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द आहे. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या संगणकाची एक महागडी डिस्क घेण्याऐवजी पुष्कळशा स्वस्त, लहान डिस्क एकत्र बांधाव्यात. अडचण अशी, की डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी बंद पडण्याची शक्यता जास्त. म्हणून थोडी जागा जादा माहितीसाठी राखून ठेवायची, म्हणजे एक गेली तरी काम थांबणार नाही. 'काम थांबणार नाही' एवढंच वचन आहे ते. 'तुमच्या वस्तूची दुसरी प्रत आहे' असं रेडने कधीच म्हटलेलं नाही. आपणच ते तसं ऐकलं.

चार डिस्कच्या पेटीत हे कसं चालतं ते भिशीच्या हिशोबाने समजून घ्या. तिघींनी पैसे भरले आणि चौथीने फक्त बेरीज लिहून ठेवली. एकीचा आकडा पुसला गेला, तर बेरजेतून उरलेल्या दोघींचे वजा करा. तिचा आकडा परत मिळतो. दोघींचे पुसले गेले, तर बेरीज हातात असूनही कोणाचे किती ते सांगता येत नाही. (खरं गणित थोडं निराळं आहे आणि बेरीज एकीकडेच न ठेवता चौघींत वाटून ठेवतात, पण तत्त्व हेच.) आता समजा, एकीने चुकून आपला आकडा खोडून शून्य लिहिलं. बेरीज लिहिणारी बाई प्रामाणिक आहे. ती लगेच नवी बेरीज लिहिते. मुलाने चुकून अख्खा फोल्डर डिलीट केला, लॅपटॉपमधून आलेल्या व्हायरसने सगळ्या फाइलींना कुलूप घातलं, तरी रेड तेच करतं : नवी परिस्थिती चारही डिस्कवर अत्यंत इमानदारीने नोंदवतं. वीज पडली, पेटी चोरीला गेली, बेसमेंटमध्ये पाणी आलं, तर चौघीजणी एकाच घरात होत्या हे लक्षात येतं.

पाण्याचं आपल्याला सांगायला नको. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस न्यू जर्सीत कोसळला, तेव्हा दुसऱ्या दिवशी आपल्यातल्या कित्येकांच्या दारापुढे भिजलेले गालिचे आणि सोफे ढीग करून ठेवलेले होते. त्याच्या आधी २०१२ चं सँडी. नंतर लोकांनी सम्प पंप बदलले, त्याला बॅटरी जोडली. सर्व्हर मात्र पुन्हा त्याच जागी, जमिनीपासून सहा इंचांवर. का, तर तिथेच इंटरनेटची वायर येते आणि आवाजाचा कोणाला त्रास होत नाही.

प्रत्यक्ष डिस्क जाते तेव्हा काय करायचं, हेही सांगते, कारण घाईत नेमकं उलटं केलं जातं. एक दिवा केशरी होतो, पेटी पिपाणीसारखी वाजायला लागते. घरातलं कोणीतरी वैतागून तो आवाज बंद करतं, आणि सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं. एक डिस्क मेलेली असताना काहीही अडत नाही, हाच रेडचा गुण आणि हाच त्यातला धोका. एका घरी पेटी सात महिने तीन डिस्कवर चालली होती. ती बिचारी दर आठवड्याला इशाऱ्याची ईमेल पाठवत होती. ती जात होती यजमानांच्या जुन्या नोकरीतल्या पत्त्यावर.

केशरी दिवा दिसल्यावर बहुतेक जण आधी नवी डिस्क मागवतात. मी म्हणते, आधी जे परत मिळणार नाही ते बाहेर काढा. पेटी अजून वाचता येते आहे तोवर फोटो आणि आवाज एखाद्या साध्या पोर्टेबल डिस्कवर उतरवून घ्या, मग दुरुस्तीला हात लावा. कारण नवी डिस्क बसवल्यावर तिच्यावर माहिती पुन्हा रचण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचाव्या लागतात. आठ टेराबाइटची डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या वेगाने, मध्ये न थांबता भरली तरी जवळजवळ पंधरा तास होतात. रोजचा वापर चालू असेल तर दिवस उलटतो. आणि या तीन डिस्क कोण? मेलेलीच्या बहिणी. त्याच दिवशी, त्याच दुकानातून, बहुधा एकाच लॉटमधून घेतलेल्या, तेवढीच वर्षं तेवढ्याच उष्ण कोपऱ्यात फिरलेल्या. २०१४ चे फोटो कोणी उघडलेलेच नसतात, त्यामुळे तिथला एखादा खराब तुकडा त्या दिवशीच पहिल्यांदा समजतो. नेमकी बेरजेची गरज असताना दुसरा आकडा पुसलेला निघतो. यासाठी पेटीला महिन्यातून एकदा सगळी माहिती स्वतःहून वाचून तपासायला लावता येतं. याला स्क्रबिंग म्हणतात, सेटिंगमध्ये एक टिक आहे. बहुतेक पेट्यांमध्ये ती टिक मी केलेली आहे, मालकांनी नव्हे.

डिस्क बाहेर ओढण्याआधी तिचा सीरियल नंबर स्क्रीनवर वाचा आणि कागदावर लिहा. कप्पे शून्यापासून मोजायचे की एकपासून, डावीकडून की उजवीकडून, यात चांगले चांगले इंजिनियर गोंधळतात. मेलेलीऐवजी जिवंत डिस्क ओढली की एका गेलेल्याच्या दोन होतात. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, आणि खोक्यावर 'सीएमआर' आहे याची खात्री हवी. दुसऱ्या प्रकारात, एसएमआरमध्ये, माहितीच्या रेषा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, त्यामुळे पुनर्रचना रखडते. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क या प्रकारच्या असून ते कुठे लिहिलेलं नव्हतं, असं २०२० मध्ये उघडकीला आलं आणि बराच गदारोळ झाला. स्क्रीनवर 'इनिशियलाइझ' किंवा 'नवीन व्हॉल्यूम तयार करा' असं काही आलं तर हात मागे घ्या आणि कोणालातरी फोन करा. डिस्क टकटक आवाज करत असेल आणि तिच्यावरच्या वस्तूची दुसरी प्रत नसेल, तर वीज बंद करून ती तशीच ठेवून द्या. फ्रीझरमध्ये घालण्याचा घरगुती उपाय कोणी सुचवला, तर त्यांना चहा पाजून निरोप द्या. प्रयोगशाळा असतात, त्या शेकड्यांत नाहीतर हजारांत डॉलर घेतात, आणि तरी खात्री देत नाहीत.

हे सगळं सोपं आहे. खरंच. एका दुपारचं आणि एका रात्रीचं काम आहे. अवघड काय आहे ते मला एका मैत्रिणीच्या घरी कळलं. तिच्या परवानगीने, नाव न घेता सांगते.

तिचे यजमान अचानक गेले. घरातलं सगळं संगणकाचं तेच बघत. माणूस हौशी आणि काळजी घेणारा. चार डिस्कची उत्तम पेटी, यूपीएस, सगळं नीटनेटकं. चोर पेटी घेऊन गेला तरी मुलींचे फोटो त्याच्या हाती लागू नयेत म्हणून फोटोंच्या फोल्डरला त्यांनी एन्क्रिप्शन लावलेलं, म्हणजे पासवर्डचं पक्कं कुलूप. त्यांच्यामागे पेटी दीड वर्ष निमूट चालली. टीव्हीवर संध्याकाळी फोटो फिरत, मैत्रीण जेवताना ते बघत असे. एका नोव्हेंबरात वादळात वीज गेली ती इतका वेळ, की यूपीएसही संपला. वीज आली, पेटी उठली, एका डिस्कचा दिवा केशरी झाला आणि टीव्हीवरचे फोटो बंद झाले. साहजिकच तिला वाटलं, डिस्क गेली म्हणून फोटो गेले. तिने मला फोन केला.

मागच्या बाजूला टाचणी घालून दाबायचं बटण असतं, त्याने मुख्य पासवर्ड नव्याने घालता आला. डिस्क बदलली. एकोणीस तासांनी पुनर्रचना पूर्ण झाली, एकही खराब तुकडा निघाला नाही. चारही दिवे हिरवे. आणि फोटो नाहीत. कारण फोटो डिस्कमुळे गेलेलेच नव्हते. त्या फोल्डरचं कुलूप पेटी चालू आहे तोवर उघडं राहतं; पेटी बंद होऊन सुरू झाली की किल्ली पुन्हा मागते. ती किल्ली मागच्या बटणाने बदलत नाही, बदलू नये अशीच रचना आहे, आणि कोणत्याही प्रयोगशाळेकडे ती नाही. ती एका माणसाच्या डोक्यात होती.

आम्ही दोघींनी घर धुंडाळलं. वह्या, जुन्या डायऱ्या, टॅक्सच्या फाइली. लग्नाची तारीख, मुलींची नावं, गावाचं नाव, त्यांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर. शेवटी मिळालं ते असं : सुटकेसच्या खणात २०१६ सालची एक पोर्टेबल डिस्क, आणि ठाण्याला दिरांकडे एक पेन ड्राइव्ह, एका भारतवारीत भरून दिलेला. त्यानंतरचं जे काही आहे, धाकटीचं शाळेतलं भाषण, सासूबाईंची शेवटची दिवाळी, ते सगळं त्या पेटीत अगदी सुखरूप आहे. एक बिट इकडचा तिकडे झालेला नाही. थोरली मुलगी सुट्टीत घरी आली की अजून एखादा पासवर्ड घालून बघते. पेटी चालूच आहे, मैत्रीण तिचं वीजबिल भरते.

म्हणून मला वाटतं, की आपण चुकीच्या गोष्टीची चर्चा करतो. मंडळाच्या पिकनिकला ग्रिलभोवती उभे राहून पुरुष मंडळी कोणती डिस्क, कोणता प्रोसेसर, रेड पाच की सहा यावर तासभर बोलतात. त्यांच्या बायकांना विचारलं तर 'ते ह्यांचं खेळणं आहे' असं उत्तर येतं, आणि त्यात थोडा अभिमानही असतो. घराचं कर्ज दोघांच्या नावावर, बँकेचं खातं दोघांच्या नावावर, टॅक्स रिटर्नवर दोघांच्या सह्या. आणि घराची वीस वर्षांची आठवण मात्र एकट्याच्या नावावर. खंडेनवमीला आपण लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो, स्क्रीनवर अक्षता उडणार नाहीत याची काळजी घेत. मग बेसमेंटमधल्या पेटीचा पासवर्ड विचारणं अशुभ कसं?

हे फक्त नवऱ्यांबद्दल नाही. आमच्याकडे पेटी माझी आहे आणि नवऱ्याला तिच्यात काडीचा रस नाही. त्याला रस असावा अशी माझी अपेक्षाही नाही. पण दर वर्षी एकदा, दिवाळीच्या सफाईत, मी त्याला एक काम देते : अमुक वर्षातला अमुक फोटो दुसऱ्या प्रतीतून काढून दाखव. मी खोलीत नसते. माझ्याकडून मिळतो तो फक्त एक कागद, ज्यावर पायऱ्या लिहिल्या आहेत. पहिल्या वर्षी त्याला दोन तास लागले आणि माझ्या कागदातली तिसरी पायरी इंजिनियरसाठी लिहिलेली आहे, नवऱ्यासाठी नाही, असा शेरा मिळाला. पायरी सुधारली. आता वीस मिनिटं लागतात.

याला काही जण माझा अतिरेक म्हणतात. त्यांना मी गिटलॅब या कंपनीची हकीकत सांगते, जी त्यांनी स्वतःच जगाला उघड सांगितली आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री थकलेल्या एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या. शोधायला गेले तेव्हा एकही धड चालत नव्हती. रोज रात्रीचा बॅकअप आवृत्ती जुळत नसल्यामुळे होतच नव्हता, आणि तो होत नाही हे कळवणाऱ्या ईमेल पोचत नव्हत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत घेऊन ठेवली होती, तिच्यावर निभावलं. ज्यांचा धंदाच हा आहे त्यांची ही गत. बॅकअप आहे की नाही हे तो परत काढून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्या घरी तो एकाच माणसाला काढता येत असेल, तर तो असून नसल्यासारखा.

'मग क्लाउडवर टाकून मोकळे व्हा' असं तरुण मंडळी म्हणतात. टाका की. टेराबाइटला महिना सहा-सात डॉलर असे दर आहेत, आणि ती प्रत तुमच्या बेसमेंटबाहेर आहे हा मोठा फायदा. पण तिथेही खातं एकाच्या नावावर असतं, आत जायचा कोड एकाच्याच फोनवर येतो, आणि माणूस गेल्यावर घरचे सगळ्यात आधी त्याचा फोन नंबर बंद करतात. (तो एवढ्यात बंद करू नका.) गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणि ॲपलमध्ये 'लेगसी काँटॅक्ट' अशी सोय आहे, आपल्यामागे कोणाला प्रवेश द्यायचा ते तिथे आधी सांगून ठेवता येतं. दहा मिनिटांचं काम. आणि फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर जातात म्हणजे बॅकअप झाला, असंही नाही. सिंक म्हणजे पुन्हा तीच प्रामाणिक बाई : इकडे पुसलं की तिकडेही पुसते.

'आमच्याकडे बारा टेराबाइट आहे, एवढं कुठे कुठे ठेवणार' ही दुसरी तक्रार. मी पेटी उघडून बघते तेव्हा त्या बारातले दहा सिनेमे, मालिका, तीनदा उतरवलेली तीच गाणी आणि २०११ च्या लॅपटॉपचा अख्खा बॅकअप असतो. ते सगळं गेलं तर चार दिवस चुकचुक वाटेल, एवढंच. जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते वेगळं काढलं, तर बहुतेक घरी ते पाचशे गिगाबाइटच्या आत बसतं. आवाजाच्या फाइली तर नगण्य. आजोबांच्या कॅसेटचे नव्वद मिनिटं चांगल्या दर्जाच्या एमपीथ्रीत शंभर-दीडशे मेगाबाइट होतात. आईचे व्हॉट्सॲपवरचे 'जेवलीस का गं' वाले निरोप त्याहून कितीतरी कमी, आणि ते तर पेटीतही नसतात. फोन बदलताना जातात. ते बाहेर काढून ठेवा. एक साधी पोर्टेबल डिस्क शंभर डॉलरच्या आत-बाहेर मिळते. पीटर क्रो नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम आता सगळे सांगतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. सगळ्या बारा टेराबाइटसाठी तो पाळायला जाल तर कंटाळून सोडून द्याल. पाचशे गिगाबाइटसाठी तो एका रविवारचा उद्योग आहे.

घराबाहेर म्हणजे कुठे? इथे आपल्यासारखी श्रीमंती फार थोड्या लोकांकडे आहे. आपण एकमेकांच्या घरच्या किल्ल्या ठेवतो, भारतात गेलो की झाडांना पाणी घालतो, डोहाळजेवणाला चाळीस ताटं गोळा करतो. तर एकमेकांची एक डिस्क कपाटात ठेवायला काय हरकत आहे? तीस-चाळीस मैलांवरचं घर निवडा, नदीच्या एकाच काठाला दोघं नकोत. डिस्कला कुलूप जरूर लावा, मैत्री कितीही असली तरी. पण किल्ली कागदावर लिहा, आणि तो कागद तिथे ठेवा जिथे घरातला प्रत्येक जण अडीअडचणीला हात घालतो : पासपोर्ट आणि ओसीआयच्या फाइलमध्ये. दुसरा कागद मुलांपैकी एकाकडे. 'टॉय स्टोरी २' बनत असताना १९९८ मध्ये कोणाच्यातरी हातून त्या सिनेमाच्या फाइली पुसल्या गेल्या आणि स्टुडिओतला बॅकअप निकामी निघाला. नुकतंच बाळ झालेली गॅलिन सुसमन ही तंत्रज्ञ घरून काम करत होती, तिच्या घरच्या संगणकावर प्रत होती. त्या प्रतीमुळेच बरंचसं काम परत मिळालं. एवढ्या मोठ्या स्टुडिओला जी सोय योगायोगाने मिळाली, ती आपल्याला एका फोनवर ठरवता येते.

आता थोडं आपल्या मुलांशी. तुमच्यापैकी काही जण हे सावकाश वाचत असाल, काहींना आई वाचून दाखवत असेल, दोन्ही चालेल. आईबाबांना पासवर्ड विचारणं तुम्हाला मृत्युपत्राबद्दल विचारल्यासारखं वाटतं हे मला माहीत आहे. विचारलंत तर 'काहीतरी अभद्र बोलू नकोस' असं ऐकून घ्यावं लागेल, तेही सणाच्या दिवशी. म्हणून पासवर्डपासून सुरुवात करू नका. 'आजीचा तो आवाज कुठे आहे, मला ऐकायचाय' असं म्हणा. बाबा उत्साहाने पेटी उघडतील, फोल्डरमागून फोल्डर दाखवतील, मध्ये रेडवर व्याख्यान देतील. ते देऊ द्या. मग म्हणा, आता मी एकट्याने शोधून बघतो. आणि त्या फोल्डरमध्ये कोण कोण आहेत ते विचारून घ्या. फोटोतल्या काकूंचं नाव तुम्हाला माहीत नसेल, तर डिस्क शाबूत राहून तुमच्या हाती पडणार आहे ते अनोळखी माणसांचं अल्बम. नावं इंग्रजीत लिहिलीत तरी काही बिघडत नाही.

आणि आईबाबांनो, मुलगा किंवा मुलगी हे विचारेल तेव्हा 'तुला काय करायचंय' म्हणू नका. त्याला बाकी कशात नाही तरी यात रस आहे, हे पेटी मोठी करण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

मी कार्यकारिणीला सुचवलं आहे, की जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमाला हॉलच्या मागच्या बाजूला, चहाच्या जवळ, एक टेबल मांडावं. तिथे मी आणि आणखी दोघं-तिघं बसू. तुम्ही पेटी उचलून आणायची नाही. दोन पोर्टेबल डिस्क आणायच्या, एक तुमची आणि एक ज्यांच्याशी अदलाबदल करणार त्यांची, आणि घरातली अशी एक व्यक्ती आणायची जिने पेटीला कधी हात लावलेला नाही. किल्लीचा कागद आम्ही तिच्याकडूनच लिहून घेऊ. त्या मैत्रिणीने आधीच नाव दिलं आहे. डिस्क नव्हे, ती तिळगुळाचे डबे आणि लेबलं चिकटवायला येणार आहे.